पंखाच्या पलीकडे

लांब सुई कापडातून आरपार आली आणि एकलुंडने ती अलगद ओढून घेतली. मेण लावलेला दोरा ताणून पंखाच्या लाकडी फासळीवर गाठ मारली आणि सुई पुन्हा पलीकडे पाठवली. पलीकडून वसुधाचं हसू आलं. त्र्यंबक बायकोला जेवायला बोलवायला आला होता, पण ते हसू ऐकून तो गराजच्या दारातच थबकला.

विमानाचा पंख कडेवर उभा केला होता, भिंतीसारखा. अलीकडे स्टुलावर म्हातारा एकलुंड, पलीकडे वसुधा. पंखाखालून तिचे पाय तेवढे दिसत होते, त्र्यंबकच्या जुन्या लोकरी मोज्यांतले. आणि ती बोलत होती. चक्क मराठीत, भडाभडा. इथे अमेरिकेतल्या दुकानात कोथिंबीर म्हणून काय विकतात, धाकट्या बहिणीने, नंदाने, पुण्याहून काय कळवलंय, आजोळच्या विहिरीत ती एकदा कशी पडली होती. ही विहिरीची गोष्ट त्र्यंबकने कधी ऐकलेली नव्हती. लग्नाला अकरा वर्षं झाली होती.

एकलुंडला मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं. मधूनमधून तो घशातल्या घशात ‘म्हम्’ करायचा आणि तेवढ्यावर बाईसाहेब पुढे निघायच्या.

एकलुंड त्यांचा शेजारी, रिटायर झालेला सुतार. त्याचे वडील स्वीडनमध्ये विमानाच्या कारखान्यात होते. एकोणीसशे वीसच्या दशकात तिथे सैन्यासाठी एक दुपंखी विमान बनवलं होतं. एकच. सैन्याच्या ते पसंतीस उतरलं नाही, दुसरं कधी बनलं नाही, आणि ते एक कुठेतरी मोडीत गेलं. पिवळ्या पडलेल्या फोटोंवरून एकलुंड ते पुन्हा बांधत होता. पंखाला कापड शिवायचं तर दोन्हीकडे माणूस लागतं, आणि त्याची बायको गेल्यापासून पलीकडे कोणी नव्हतं. उन्हाळ्यात कुंपणाशी रेंगाळणाऱ्या वसुधापुढे त्याने सुई धरली, आणि नोव्हेंबर आला तरी ती दर शनिवारी तिथेच होती.

त्र्यंबकच्या पोटात दुखायला आणखीही कारण होतं. विमानं शिकून आलेला तो. बंगलोरची डिग्री, वर्गात दुसरा. पण इथे नागरिक नसलेल्या माणसाला लढाऊ विमानांच्या जवळपासही कोणी फिरकू देईना. शेवटी शिकागोतल्या उंच इमारतींमधून गार हवा फिरवणारे पत्र्याचे डक्ट त्याच्या नशिबी आले. रोज ट्रेनने जाऊन तो त्यांचेच नकाशे काढत होता. आणि इथे एका सुताराच्या गराजमध्ये विमान उभं राहत होतं, ते शिवायला त्याचीच बायको.

“वसुधा, जेवण गार होतंय,” तो दारातूनच म्हणाला.

पलीकडचं बोलणं बटण बंद केल्यासारखं थांबलं.

घरी तिने आमटी गरम केली.

“म्हाताऱ्याला मराठी शिकवतेस वाटतं?”

“नाही.”

“मग एवढं काय बोलत असतेस?”

“काही नाही. असंच. भात वाढू?”

“ते विमान रिजेक्ट झालं होतं, माहितीये ना? फेल गेलेलं मॉडेल आहे ते.”

“माहितीये,” ती म्हणाली आणि त्याच्या पानात भात वाढला.

पुढच्या शनिवारी त्र्यंबक जेवणाच्या वेळेपर्यंत थांबलाच नाही. एकदा काय तो सोक्षमोक्ष लावू, म्हणून तो कुंपणापलीकडे गेला. तो गराजच्या दारात पोचतो तेवढ्यात एकलुंडच्या घरात फोन वाजला. एकलुंड उठला, दारातल्या त्र्यंबककडे त्याने क्षणभर पाहिलं, सुई त्याच्या हातात ठेवली आणि स्टुलाकडे बोट दाखवून आत निघून गेला.

त्र्यंबक बसला. दोन-चार गाठी तो बघून शिकला होताच. त्याने सुई आत घातली, पलीकडून ती ओढली गेली.

“तर काय सांगत होते,” वसुधा म्हणाली. “आमच्या ह्यांना विमानांचं फार वेड. लग्नानंतर पहिल्या हिवाळ्यात मी त्यांना म्हटलं, मला सांगा ना, विमान वर कसं जातं. तर म्हणाले, तुला काय कळणार त्यातलं.”

सुई परत आली. त्र्यंबकने ती धरली.

“मग मी पण माझं सांगायचं सोडून दिलं. मुद्दाम नाही हो. सवयच गेली. तुम्ही त्या दिवशी पंखावरून नुसता हात फिरवून दाखवलात, खालून हवा कशी, वरून कशी. आणि कळलं की मला.”

त्र्यंबकला ओरडून सांगावंसं वाटलं की एवढं तर तोही दाखवू शकला असता, त्याहून चांगलं. ह्या सुताराहून कितीतरी चांगलं. पण ओरडला असता तर ती गप्प झाली असती. त्याला नुसता मत्सर वाटत होता, आणि ती पुढे काय बोलते ते ऐकायची हाव सुटली होती.

“म्हम्,” तो घशातल्या घशात म्हणाला.

पलीकडे क्षणभर काही हललं नाही. मग दोरा ताणला गेला.

“आता ही एवढीच फासळी राहिली,” ती म्हणाली. “ही झाली की पंख संपला. मग शनिवारी मी कोणाशी बोलू?”

एकलुंड फोन संपवून दारात आला. त्र्यंबकने त्याच्याकडे न बघताच तळवा वर केला. म्हातारा तिथेच थांबला.

त्र्यंबकने दोरा फासळीभोवती घेतला, गाठ घातली आणि ती घट्ट केली नाही.

“सैल राहिली वाटतं,” वसुधा पलीकडून म्हणाली. “आता मागच्या दोन-तीन पण उसवाव्या लागतील.”

“म्हम्.”

“उसवा मग,” ती म्हणाली. “घाई काही नाही. तर काय सांगत होते...”