गावाचा रकाना

“बाय, या लोकांना गाव नसतो. तो रकाना रिकामा ठेवायची सोय कर,” कुमुदताई म्हणाली होती. पंच्याण्णवचा डिसेंबर होता.

“कुमुदताई, माणसाला गाव असतंच,” मी म्हटलं आणि कीबोर्ड पुढे ओढला.

ती आमच्या संस्थेची नर्स. पनवेलभोवतीच्या वीटभट्ट्यांवर जीपने फिरून कातकऱ्यांच्या पोरांना लस टोचायची. तिच्या चिठ्ठ्यांवरून संगणकात यादी करायचं काम माझ्याकडे होतं. एम.एस्सी.ला एमएल नावाची संगणकाची भाषा शिकले होते. तिच्यात माहितीचा प्रकार नेमका सांगता येतो: मूल म्हणजे नाव, जन्मतारीख, आईचं नाव, गाव. तो प्रकार वाचून माहिती साठवायच्या तक्त्याचा कोड आपोआप लिहून देणारा प्रोग्राम मी केला होता. त्याचा मला फार अभिमान. एखादी गोष्ट असेल किंवा नसेल, हे सांगायला त्या भाषेत एक शब्द आहे, ‘ऑप्शन’. तो गावापुढे लिहिला असता तर रिकामा रकाना चालला असता. मी लिहिला नाही. रिकामे रकाने मला बघवत नसत.

त्याच आठवड्यात माझ्या लेकीला, स्नेहाला, कडेवर घेऊन मी एकदा जीपमधून गेले होते. गाढी नदीकाठच्या भट्टीवर मैना नावाच्या बाईने आपली गंगू माझ्या स्नेहाशेजारी गोणपाटावर ठेवली. दोघी पाच-पाच महिन्यांच्या.

“तुजी बाटलीवर, माजी मातीवर,” मैना हसली. “बघू कोन आदी चालतंय.”

गंगूने स्नेहाचं टोपडं ओढलं ते सोडेचना.

एप्रिलमध्ये भट्ट्यांवर गोवर आला. दोघींना नऊ महिने पुरे झाले होते, गोवराच्या लशीचं वय. स्नेहाला मी नवीन पनवेलच्या दवाखान्यात टोचून आणलं. रात्री ताप आला तर काय, म्हणून पुन्हापुन्हा कपाळाला हात लावत होते. दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या निकेशने लस राहिलेल्या पोरांची यादी छापली. एकही रकाना रिकामा नव्हता.

कुमुदताईने चष्मा लावला. “त्रेचाळीस पोरं, आनि सगळ्यांचा गाव पनवेल? मी काय यष्टी स्टँडवर उभी रावून हाका मारू?”

चिठ्ठ्यांवरून मशीनमध्ये एंट्री निकेश करायचा. तो माझ्याकडे बघत म्हणाला, “मॅडम, गाव टाकल्याशिवाय मशीन पुढे जातच नव्हतं. मग पनवेल टाकलं. इथलेच ना सगळे?”

“चिठ्ठ्या कुठायत?” मी विचारलं.

“रद्दीत. तुम्हीच म्हणालात ना, आता सगळं मशीनमध्ये आहे.”

त्या चिठ्ठ्यांवर कुमुदताईच्या अक्षरात पत्ते होते. खाडीकडची भट्टी, चिंचेखालचं तिसरं झोपडं. त्याला मी गाव मानलं नव्हतं.

सहा दिवस जीप फिरली. एकोणतीस पोरं सापडली. त्यातली पाच अंगावर पुरळ घेऊन निजलेली. गाढीकाठची भट्टी मला पाठ होती, तिथे पहिल्याच दिवशी गेलो. भट्टी विझलेली होती. मैनाच्या झोपडीचे चार मेढे उभे, एकाला झोळीची दोरी तशीच.

विटा मोजणारी एक म्हातारी म्हणाली, “मुकादम घिऊन गेला त्यांना. परवाच. पोरीला ताप व्हता.”

“कुठं नेलं?”

“म्हाईत नाय, बाय. जितं भट्टी आसंल तितं.”

जीपमध्ये कुमुदताई आठवतील तसे पत्ते यादीच्या मागे लिहीत बसली. ती टोचून बोलली असती तर बरं झालं असतं.

सातव्या दिवशी मी गावापुढे ‘ऑप्शन’ हा शब्द लिहिला. प्रोग्रामने नवा कोड लिहून दिला. चहा निवायच्या आत काम झालं. न सापडलेल्या चौदा पोरांच्या ओळींत पनवेल तसंच राहिलं.

स्नेहा आता घरभर चालते. ती धडपडली की मी धावते, आणि धावताना दुसरी कोणीतरी आठवते.

दिवाळी झाली. भट्ट्या पुन्हा लागतील. तुमच्या वाटेवर धूर दिसला तर जरा थांबा. मैना नावाची बाई, उंच, हसरी, पुढचा एक दात अर्धा. तिला गाव विचारू नका. गंगू चालायला लागली का, एवढंच विचारा.