पलंग जोडताना उरलेला पाय

मी एक जुना स्क्रू ड्रायव्हर आहे. मूठ लाकडी, टोक पोलादी आणि स्वभाव तिरसट. मित्रांनो, माझी कीव करू नका. करायचीच असेल तर माझ्या सध्याच्या मालकाची करा.

माझा जन्म कारखान्यात झाला. तापवून, ठोकून, तेलात बुडवून मला टणक केले. मला विकत घेतले ते सिनेमागृहातले मशीन चालवणाऱ्या एका ऑपरेटरने. रोज पहिल्या खेळाआधी तो माझ्याकडून मशीनचा एकेक स्क्रू आवळून घेई. त्याच्या खेळात पडदा मध्येच अंधारला, असे कधी झाले नाही. मॅनेजर त्याची पाठ थोपटे आणि तो मला फडक्याने पुसून खिशात ठेवी. तेवढे कौतुक मला पुरे होते.

पुढे सिनेमागृह बंद पडले, ऑपरेटर म्हातारा झाला आणि मी स्वयंपाकघरातल्या खणात चमच्यांच्या गर्दीत येऊन पडलो. त्याचा मुलगा मला डब्यांची झाकणे उचकटायला वापरू लागला. माझा दुसरा काही उपयोग असतो हे त्याला ठाऊकच नव्हते. हा मुलगा ऑफिसात बसून लांबलांबची कामे फोनवरून हलवतो. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही.

मग म्हातारा पडला. खुब्याचे हाड मोडले, ऑपरेशन झाले. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावले की झोपायला उंच, भक्कम पलंग हवा. पुन्हा पडला तर उठणार नाही. मुलाने खोक्यातला पलंग मागवला. फळ्या, स्क्रूची पुडी, एक वाकडी किल्ली आणि चित्रांचा कागद.

"सुताराला बोलावते," सून म्हणाली.

"सुतार कशाला? चित्रं बघून तर जोडायचंय. लहान मूलही करेल."

लहान मुलाने नक्की केले असते. सून सासऱ्यांना आणायला हॉस्पिटलात गेली आणि या पठ्ठ्याने एकट्याने कामाला हात घातला. चित्रांचा कागद बुडाखाली घेतला. डोक्याकडची फळी पायाकडे लावली. किल्लीला कंटाळून मला आणले, तर मला उलटे धरून माझ्या मुठीने खुंट्या ठोकल्या! भुशाच्या त्या फळीचे कोपरे उडाले. "जुनी अवजारं म्हणजे भंगार," असे वर मलाच सुनावले. नाचता येईना अंगण वाकडे! मला त्याची मनापासून किळस आली.

पलंग उभा राहिला तेव्हा मूठभर स्क्रू आणि एक आखूड पाय उरला होता. तो पाय मधल्या दांडीखाली लावायचा असतो. झोपणाऱ्याचा सगळा भार त्याच्यावर. इतक्यात खाली गाडी थांबली. बायको आता "मी म्हटलं नव्हतं?" म्हणणार, या धास्तीने त्याने स्क्रू खिशात कोंबले, पाय कपाटामागे सरकवला आणि गादीवर छान चादर अंथरली.

म्हातारा वॉकर टेकत आत आला. दमला होता, पाय लटपटत होते.

"बसा बाबा. मी स्वतः जोडलाय."

सुनेने सासऱ्यांचा दंड धरून ठेवला. "आधी तू झोपून दाखव."

तो श्वास रोखून आडवा झाला. पलंगाने तग धरला.

"आता कूस बदल," म्हातारा म्हणाला.

त्याने कूस बदलली. काडकन आवाज झाला, मधली दांडी निसटली आणि साहेब गादीसकट खाली गेले. खिशातले स्क्रू फरशीवर घरंगळत सुटले.

कोणी हसले नाही. म्हाताऱ्याने त्या स्क्रूंकडे बघितले.

"माझ्याही हाडात स्क्रू घातलेत रे," तो म्हणाला. "डॉक्टरांच्या खिशात काही उरले नाहीत म्हणजे मिळवली."

मुलाचा चेहरा पांढराफटक पडला. पलंगावर आपल्या जागी बाप असता, हे त्याला आत्ता कळले. एवढ्या शिकलेल्या डोक्यात ते शिरायला आधी आपटावे लागले.

त्याने सगळा पलंग सुटा केला. म्हाताऱ्याला उशा लावून खुर्चीत बसवले. त्याचा खुबा ठणकत होता.

"बाबा, ही दांडी कुठे येते?"

"मला काय ठाऊक? माझ्या मशीनला गादी नव्हती."

मग सून कागद धरून चित्रे सांगू लागली आणि मुलगा माझ्याकडून एकेक स्क्रू आवळू लागला. कपाटामागून त्याने पाय काढला तेव्हा ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली. ते बघणे मला फार आवडले.

शेवटी म्हातारा झोपला. कूस बदलली, तरी पलंग कुरकुरलासुद्धा नाही. मुलगा मात्र शेजारी फरशीवर बसला आणि पलंगाखाली हात घालून त्याने तळवा मधल्या दांडीला टेकवला. पलंग मोडला तर बापाला जणू तो पंजावर झेलणार होता! सुनेने जेवायला हाका मारल्या. दर वेळी "आलोच" म्हणाला, पण हात काढला नाही.

मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही. तुम्ही मला पुसू नका, तेल लावू नका, खुशाल झाकणे उचकटा. पण आपले माणूस पलंगावर निजल्यावर जी काळजी वाटते, ती स्क्रू आवळतानाच वाटू द्या.