मुरलेलं औषध

बावीस वर्षं मी कमी दिवसांच्या बाळांच्या वॉर्डात फरशा, नळ आणि बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या पुसत आले. डॉक्टर आले नि गेले, मोठ्या सिस्टर तीन बदलल्या, मी मात्र होते तिथेच. सगळे मला मावशी म्हणायचे आणि माझ्या तोंडाला घाबरायचे. घाबरायलाच पाहिजे. एकदा चपला घालून आत घुसणाऱ्या एका साहेबाला मी दारातूनच हाकललं होतं. तो तपासणीला आलेला मोठा अधिकारी होता हे नंतर कळलं, तरी मी म्हटलं, मोठा असेल त्याच्या घरी.

माझी बादली सगळ्यांपेक्षा वेगळी, निळी, झाकणाची. बाकीच्या बाया फरशीचं औषध रोज ओतून देतात आणि नवं करतात. मला काम शिकवणारी थोरली बाई म्हणायची, "सगळं ओतू नकोस गं. तळाला चार बोटं राख. मुरलेल्यात जोर असतो." तशी मी चार बोटं राखायची, वर पाणी घालायची आणि टोपणभर औषध सोडायची. फरशी, नळ, पेट्या, सगळं त्यातूनच पुसायची. हात जळत नाहीत, वास डोक्यात जात नाही. रजेवर जाताना सुद्धा बादली रिकामी करू नका म्हणून बजावून जायची. वरच्या मजल्यावरच्या बाया बाटल्या घेऊन यायच्या, "मावशी, तुमच्यातलं द्या ना थोडं." मी ऐटीत द्यायची. खोटं कशाला बोलू, मला त्या बादलीचा गर्व होता.

मग माझ्याच लेकीला सातव्या महिन्यात कळा आल्या आणि माझीच नात माझ्याच वॉर्डात आली. वजन बाराशे ग्रॅम. लेक काचेतून बघून म्हणाली, "आई, मुंगीएवढी आहे गं." तिला मुंगीच म्हणायला लागलो आम्ही. तिसऱ्या नंबरच्या पेटीत ठेवली होती. चौथ्यात एक चांगला दोन किलोचा गडी होता, कावीळ झाली म्हणून आलेला. एवढ्या काड्यांमध्ये तोच काय तो गुटगुटीत, म्हणून सिस्टर त्याला पैलवान म्हणायच्या. त्याची आई दिवसभर बाहेरच्या बाकावर बसून असायची. मी तिला चिडवायची, "याला पेटी पुरत नाही, आता खाट मागवा."

मंगळवारी सकाळी पैलवानानं दूध सोडलं. दुपारपर्यंत अंग तापलं, संध्याकाळी पाचव्या नंबरचं बाळ तापलं. गुरुवारी भर दुपारी पैलवान गेला. एवढा धडधाकट मुलगा दोन दिवसांत गेला हो! मी त्याची रिकामी पेटी पुसत होते आणि नजर सारखी बाजूला वळत होती. कारण बाजूच्याच पेटीत मुंगी होती.

आता सगळ्यांचं धाबं दणाणलं. तपासणीवाली मुलगी खालच्या प्रयोगशाळेतून कापसाच्या काड्या घेऊन आली. तिनं नळ पुसून घेतले, दुधाच्या वाट्या, सिस्टरांची बोटं, डॉक्टरांचे फोन, माझे तळहातसुद्धा. मला राग आला. म्हटलं, "माझे हात दिवसभर औषधात असतात बाई, माझ्या हाताला कुठला जंतू चिकटतोय?" ती हसली. म्हणाली, "मावशी, तुम्हीच आमचा आधार." मोठ्या सिस्टरनं हुकूम काढला, पेट्या दिवसातून तीनदा पुसायच्या. मी मुंगीची पेटी सात वेळा पुसायला लागले. हात घालायची दोन गोल दारं असतात ना पेटीला, त्यांच्या कडा, त्यांच्या आतली रबरं, काही म्हणून सोडलं नाही. माझ्या नातीला काही झालं तर मी लेकीला तोंड कसं दाखवू, हा एकच विचार डोक्यात भणभणत होता. तिच्या पेटीशी कुणी जरा वेळ उभं राहिलं तरी मी फडकं घेऊन धावायची.

शनिवारी मुंगी तापली.

दोन अँटिबायोटिक झाली, ताप हटेना. तिच्या पोटाची कातडी राखाडी दिसायला लागली होती. डॉक्टर माझ्याशी बोलताना डोळे चुकवायला लागले. बावीस वर्षांत मला तेवढं कळतं. लेक म्हणाली, "आई, तू आत असतेस म्हणून मला धीर आहे. पुसत राहा गं." मी हो म्हटलं आणि पुन्हा बादलीत फडकं बुडवलं.

सोमवारी मोठ्या सिस्टरनं एक कागद देऊन मला खाली प्रयोगशाळेत धाडलं. तपासणीवालीच्या टेबलावर काचेच्या चपट्या बशा मांडलेल्या होत्या. मी विचारलं, "माझ्या नातीच्या रक्ताची कुठली?" तिनं बोट दाखवलं. बशीत हिरवट साय धरल्यासारखी दिसत होती आणि त्यात पांढऱ्या टिकल्या ठेवलेल्या.

"एकेक टिकली म्हणजे एकेक औषध," ती म्हणाली. "औषध लागू पडलं तर टिकलीभोवती मोकळं वर्तुळ पडतं. इथं बघा."

कुठल्याच टिकलीभोवती वर्तुळ नव्हतं. हिरवं टिकल्यांना खेटून बसलं होतं. एकाच टिकलीभोवती बारीकशी कड मोकळी होती.

"हे एक उरलंय," ती म्हणाली. "पण ते मूत्रपिंडावर जातं. बाराशे ग्रॅमच्या बाळाला ते एकदाच झेपेल. एका बाजूनं औषध द्यायचं आणि दुसऱ्या बाजूनं रोज नवा जंतू अंगावर पडायचा, असं झालं तर काय उपयोग? हा येतोय कुठून तेच सापडत नाहीये."

"एवढा माजलाय कशानं हा?"

"माजलेला जन्माला येत नाही, मावशी. जंतूंना थोडं थोडं, पातळ विष मिळत राहिलं की नाजूक असतात ते मरतात, चिवट असतात ते राहतात. मग त्यांचीच पिल्लं. त्या पिल्लांतलीही नाजूक मरतात. तासाभरात नवी पिढी तयार. अशा पिढ्यांमागून पिढ्या गेल्या की त्याला विषाचं काही वाटेनासं होतं. आणि असल्या विषात तरायला शिकला की आपली औषधंही त्याला पचायला लागतात. हा कुठंतरी पुष्कळ वर्षं निवांत राहिलाय."

बोलता बोलता तिनं एका बशीचं झाकण किंचित उचललं आणि वास आला. गोडसर, जास्त पिकलेल्या फळासारखा. हा वास मी रोज सकाळी घेत होते. झाकण काढलं की पहिला हाच भपका यायचा. मला वाटायचं, औषध छान मुरलंय.

तिला काही न बोलता मी वर आले. जिना कसा चढले देव जाणे. मोरीत जाऊन दार लावलं, झाकण काढलं आणि बादलीच्या आतल्या अंगावरून बोट फिरवलं. बुळबुळीत थर होता. इतकी वर्षं मी बादली बाहेरून घासत होते. आत कधी हात घातलाच नव्हता, आतलं तर औषध!

आधी काय सुचलं ते सांगते, लाज वाटली तरी सांगते. ओतून टाक, असं सुचलं. बादली उन्हात ठेव, नवी आण, तोंड शिवून बस. कुणाला कळणार आहे? मी बादली तिरकी केलीसुद्धा. अर्धं पाणी गेलं. मग वरच्या मजल्यावरच्या बाटल्या आठवल्या. किती बायांना दिलं, कुठल्या खोलीत, कुणाच्या खाटेला लागलं, मला कुठे ठाऊक होतं! आणि खाली ती मुलगी नळांच्या काड्या तपासत बसणार, तोवर मुंगीला ते एकुलतं एक औषध कोण देणार? मी बादली सरळ केली, एका वाटीत त्यातलं घेतलं आणि वाटी दोन्ही हातांत धरून खाली गेले.

"हे तपास," मी म्हटलं.

तिला आधी कळेना. "हे तर फरशीचं औषध ना?"

मी चार बोटांचं सगळं सांगितलं. तिचा चेहरा उतरला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "विरजण लावत होतात हो तुम्ही," एवढंच म्हणाली आणि फोन उचलला.

तासाभरात वॉर्ड रिकामा केला. बाळं दुसरीकडे हलवली, वरच्या बाटल्या गोळा झाल्या, माझी बादली पिशवीत घालून कुठेतरी नेली. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. बादलीतला आणि मुंगीच्या रक्तातला जंतू एकच होता. उत्तराची वाट न बघता डॉक्टरांनी आदल्या रात्रीच मुंगीला आणि पाचव्या नंबरच्या बाळाला ते उरलेलं औषध सुरू केलं होतं.

लेकीला मीच सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. ती रडली नाही, भांडली नाही. "मुंगी घरी येईपर्यंत तू तिच्या जवळ जाऊ नकोस," म्हणाली. मी मान हलवली. माझी बदली मागच्या अंगणात झाली, वाळलेली पानं गोळा करायला. काय झालं, ताप किती, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्या सिस्टरांना विचारायची आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत झाडूचा दांडा घट्ट धरून उभी राहायची.

सहाव्या दिवशी दोघांचाही ताप उतरला. मुंगीनं वाटी-चमच्यानं दूध घेतलं. सिस्टर खिडकीतून ओरडून सांगत होती आणि मी अंगणातून पुन्हा पुन्हा विचारत होते, किती चमचे घेतलं.

त्याच आठवड्यात पैलवानाची आई त्याचे कागद न्यायला आली. मला अंगणात बघून ती वळली आणि सरळ माझ्याकडे आली. मला पळून जावंसं वाटलं. तिला डॉक्टरांनी इन्फेक्शन एवढंच सांगितलेलं होतं. तिनं माझे दोन्ही हात धरले.

"मावशी, तुम्हाला भेटायचंच होतं मला. शेवटच्या दिवशीसुद्धा तुम्ही त्याची पेटी चार वेळा पुसलीत. मी काचेतून बघत होते. घरचं माणूस एवढं करत नाही."

हो म्हणून मान हलवली असती तर ती आशीर्वाद देऊन निघून गेली असती. पण माझे हात अजून तिच्या हातात होते. मी सांगितलं. बादली, चार बोटं, हिरवी बशी, सगळं. सांगताना तिच्याकडे बघवेना, म्हणून तिच्या चपलांकडे बघत सांगितलं.

तिनं माझे हात सोडले. मग हळू आवाजात तिनं विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का, उरलेलं फेकायचं म्हणून?"

"डब्यावर लिहिलेलं असतं," मी म्हटलं. "रोज नवं करा. उरलेलं ठेवू नका."

"तुम्हाला वाचता येत नाही?"

"येतं," मी म्हटलं.