एकतीस नोव्हेंबरचा तह

चिमणीचं लग्न एकतीस नोव्हेंबरला थाटात लागलं. कुणी रुसलं नाही, जेवण पुरलं आणि दादाने भर मांडवात डोळे पुसले. असो. असं काहीही झालेलं नाही. आपण आधीचं बघू.

चिमणीचा दादा कॅलेंडरच्या छापखान्यात दिनविशेष लिहायचा. प्रत्येक चौकटीत, तारखेच्या आकड्याखाली, त्या दिवशी पूर्वी घडलेलं काहीतरी: कुठल्या राणीचा राज्याभिषेक, कुठल्या पुलाचं उद्घाटन. छापखान्यात त्याला 'इतिहास' म्हणत. "ए इतिहास, चहा घेणार का?" अशी हाक आली की तो चारशे वर्षं ओलांडून कपापाशी यायचा.

यंदाच्या नोव्हेंबरचा कागद त्याच्यापुढे आला, तेव्हा जुळणी करणाऱ्याने ऑक्टोबरचाच साचा पुढे ढकलला होता. दादाने तीस चौकटी भरल्या. एकतिसावी रिकामी राहिली. रिकामी चौकट त्याला बघवत नसे. त्याच्याकडे दोन राजांचा एक तह शिल्लक होता, तारखेचा पत्ता नसलेला. त्याने तो तिथे बसवला. तहाची सोय झाली, चौकटीचीही.

मग ते कॅलेंडर गावभर लागलं. लग्नाच्या हॉलमध्ये लागलं, जहाज कंपनीच्या कचेरीत लागलं, चिमणीच्या खोलीतही लागलं.

ऑक्टोबरमध्ये एका संध्याकाळी चिमणी मोबाईल घेऊन आली.

"दादा, यात तीसनंतर एक येते."

"मधली?"

"मधली नाहीच."

"बंद करून चालू कर."

तिने केला. नव्हतीच.

दादा धावत हॉलच्या मॅनेजरकडे गेला. "आमची तारीख तेवढी तीस करा."

"तीसला दुसरं लग्न आहे. तुमची एकतीस पक्की."

"अहो, पण एकतीस तारीख नसतेच!"

"मग तुम्ही बुक कशी केलीत?"

दादा हॉलबाहेर आला. त्याने होणाऱ्या मेहुण्याला फोन लावला. मेहुणा जहाजावर नोकरीला. जहाज तीसच्या रात्री बंदराला लागणार आणि एक डिसेंबरला पहाटे सुटणार, ते दोन वर्षांसाठी. मधली एकतीस कंपनीने रजा म्हणून मंजूर केली होती.

"दादा, रजेवर शिक्का आहे," मेहुणा म्हणाला. "दिवस नसता तर शिक्का कशावर मारला असता? उगाच डोक्याला ताप करून घेऊ नका."

शेवटी दादा छापखान्याच्या मालकांपुढे उभा राहिला.

"तह झाला होता का?" मालकांनी विचारलं.

"झाला होता."

"मग कुठल्यातरी दिवशीच झाला असेल ना? का हवेत झाला?"

बाहेर पडताना दादाला सगळ्यांचंच पटायला लागलं होतं. उलट आता त्याला तीस तारीख संशयास्पद वाटत होती.

घरी चिमणी कॅलेंडरसमोर उभी होती. एकतीसभोवती तिने उन्हाळ्यातच लाल गोल काढून ठेवला होता.

"दादा, माझं लग्न कुठे आहे रे?" रस्ता चुकलेल्या माणसाने पत्ता विचारावा तसं तिने विचारलं.

"आहे गं. कॅलेंडरात आहे."

"मग तह जसा आणलास, तसा आता दिवसही आण."

दादाने कोरा कागद घेतला. कुणाला लिहायचं हे कळेना, पण लिहायला लागला की त्याचा हात थांबत नसे.

"मा. प्रमुख, कालगणना विभाग (असल्यास) यांस,

विषय: नोव्हेंबरला एक दिवस वाढवून मिळणेबाबत.

महोदय, अर्जदाराच्या धाकट्या बहिणीचा विवाह दि. ३१ नोव्हेंबर रोजी ठरला असून हॉल, नवरदेव व रजा उपलब्ध आहेत. फक्त दिवस कमी पडत आहे. सबब दि. ३१ ऑक्टोबर हा दिवस नोव्हेंबरकडे वर्ग करण्यात यावा. त्या चौकटीसाठी अर्जदारास एका कारंज्याच्या उद्घाटनापलीकडे काही सापडलेले नाही, त्यामुळे इतिहासाचे विशेष नुकसान होणार नाही. पूर्ण दिवस देणे शक्य नसल्यास दुपारपर्यंतचा मंजूर व्हावा. लग्न सकाळचे आहे."