निखाऱ्यावरची कलेजी

"विजू, उन्हात ये जरा."

"आबा, आत्ताच तर बघितलं की!"

"तरी ये म्हणतो न्हवं."

विजयश्री सातव्या महिन्याचं पोट सावरत ओट्यावरून खाली उतरली. भीमराजनं लेकीला उन्हाकडं तोंड करून उभी केली, अंगठ्यानं तिची खालची पापणी ओढली आणि डोळ्यात बराच वेळ बघत राहिला. त्याचे स्वतःचे डोळे हळदीनं माखल्यासारखे पिवळे झाले होते.

"मी काय बाजारातली म्हस हाय का, आबा?" ती हसली.

भीमराज हसला नाही. मी टेम्पोतून खरकट्याची पिंपं उतरवत होतो, मलाही हसू आलं नाही. तो काय शोधतोय ते त्याच्याखेरीज फक्त मला माहीत होतं.

तळवड्याच्या कंपन्यांच्या कँटीनचं उरलंसुरलं मी आणून टाकतो आणि ओढ्याकाठच्या शेडात भीमराज त्यावर डुकरं पाळतो. वावरं गेली, कारखान्यांचे पत्रे बांधाला येऊन भिडले, तरी हा धंदा टिकला. त्यावरच पोरगी शिकली, तिला चाकणला कंपनीत असलेला नवरा मिळाला, आणि पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली.

ती आली त्या आठवड्यात भीमराजनं घरचं जनावर कापलं. कापलं की कलेजी निखाऱ्यावर टाकायची, वरून चटका बसला की उचलायची आणि पहिला तुकडा मानाच्या माणसाला द्यायचा, ही त्याच्या बापापासूनची रीत. आत लालच असते ती. भीमराजनं पहिला तुकडा लेकीच्या हातावर ठेवला. "खा गं, नातवाला पोचू दे." दुसरा स्वतः खाल्ला. तिसरा माझाच होता, पण कँटीनवाल्याचा फोन आला आणि मी चडफडत टेम्पोकडं पळालो.

महिना उलटला आणि भीमराजला ताप भरला. अन्न जाईना, लघवी चहासारखी. मीच त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. रक्ताचा रिपोर्ट आल्यावर डॉक्टरबाईंनी विचारलं, "काका, डुकरं पाळता का? कलेजी अर्धी कच्ची खाल्ली होती?"

"खाल्ली की. का?"

"ही ई प्रकारची कावीळ आहे. घाण पाण्यातून होते, तशी डुकरांकडूनही येऊ शकते. डुक्कर बघायला ठणठणीत दिसतं, पण विषाणू त्याच्या कलेजीत असतो, विष्ठेत असतो. कलेजी आतपर्यंत शिजली नाही तर तो तसाच पोटात जातो. तुम्ही व्हाल बरे, बहुतेक लोक होतात. घरात कुणी गरोदर नाही ना?"

भीमराजनं माझ्याकडं बघितलं. मीच म्हणालो, "हाय. लेक."

"तिला लगेच घेऊन या. गरोदरपणी कावीळ जिवावर बेतू शकते."

परतीच्या वाटेवर त्यानं मला टेम्पो थांबवायला लावला. त्यानं माझा हात धरला. "सयाजी, घरी कलेजीचं बोलायचं न्हाई. पोरगी भ्यानंच खचंल."

"आरं पण दवाखान्यात न्यायची हाय तिला!"

"नेतो. उद्या नेतो."

तो उद्या काही उजाडेना. घरी त्यानं नुसती कावीळ झालीय एवढंच सांगितलं. ताट वेगळं केलं, पाणी उकळायला लावलं आणि सकाळ-दुपार लेकीच्या पापण्या ओढत बसला. भ्यालेला माणूस दवाखान्याला भितो, तिथं खरं कळतं म्हणून. मला त्याचा राग यायचा. त्याची बायको शालनवहिनी चुलीपाशी अंधारात बसून दोघांचं पथ्यपाणी बघायची. "वहिनी, तुमी जेवला का?" म्हटलं, तर म्हणायची, "उन्हानं अन्न जाईना बगा, भावजी." शेडात पत्रा तापून डुकरंसुद्धा धापा टाकत होती, त्यामुळं मलाही ते खरं वाटलं.

त्या दिवशी पापणी बघून झाली, मी शेवटचं पिंप उतरवलं आणि मोरीतून ओकण्याचा आवाज आला. विजू वाकली होती. भीमराज जागच्या जागी खाली बसला. "गेली," एवढंच म्हणाला. "माझ्या हातानं गेली माझी पोर."

मग मात्र माझा ताबा सुटला.

"विजे, इकडं बघ! त्या कलेजीनंच तुझ्या बाला कावीळ झालीय. तू खाल्लेलीस न्हवं? मग टेम्पोत बस. आत्ताच्या आत्ता."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "कलेजीनं?"

"व्हय!"

"मी न्हाई खाल्ली, काका."

भीमराजनं मान वर केली.

"वासानंच उमळून आलं मला. आता बी त्या पिंपाच्या वासानं आलं. पण आबांनी किती हौसंनं दिलेली, टाकू कशी? मुठीत धरून आत गेले."

"मग टाकलीस कुटं?" मी विचारलं.

"आईनं घेतली. म्हणाली, तुझ्या बाला कळलं तर वाईट वाटंल. आन् तोंडात टाकली."

भीमराजच्या तोंडावर आनंद आला. खरंच आला, मी बघितला. आणि तिथंच थिजला. चुलीपाशी भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता.

"शालन," तो कसाबसा म्हणाला, "उन्हात ये."

"मला काय झालंय?" आतून आवाज आला. "मी काय पोटुशी हाय? लेकीला न्या आदी दवाखान्यात."

"शालन, ये म्हणतो न्हवं."

ती येईना. शेवटी विजू आत जाऊ लागली, तशी वहिनी ओरडली, "तू शिवू नगंस मला! लांब हो!" आणि भिंतीच्या कडंकडंनं, लेकीपासून अंग चोरत, स्वतःच उंबऱ्याबाहेर आली. डोळे मिटलेले होते.

"उघड," भीमराज म्हणाला.

तिनं उघडले.

मी टेम्पोचं दार उघडून धरलं. शालनवहिनी मागं हौद्यात, रिकाम्या पिंपांच्या शेजारी जाऊन बसली, आणि लेकीला तिनं पुढं, माझ्याजवळ बसायला लावलं.