तीनदा पुकारा

आमचे हे कोर्टात पुकारे करायचे. दाराबाहेर उभं राहून पक्षकाराचं पूर्ण नाव तीनदा घ्यायचं. आला नाही, तर गैरहजर. पुढे बढती मिळत मिळत बऱ्यापैकी साहेब होऊन निवृत्त झाले, पण घसा पुकाऱ्याचाच राहिला. घरात चहा मागितला तरी खालच्या मजल्यावरचे दचकतात.

मग इमारतीचे अध्यक्ष झाले आणि सभेचं पार कोर्ट करून टाकलं. लोक मागून हसायचे. ह्यांना तो मान वाटायचा, आता काय बोलणार?

त्या रविवारी विषय होता जिन्याखालची जागा. तिथे मशीनवाल्या काकू शिवणकाम करायच्या. त्यांना उठवून स्कूटर लावायच्या, असं काहींनी ठरवूनच ठेवलेलं. "बाईंचं म्हणणं ऐकल्याशिवाय ठराव नाही," ह्यांनी ठणकावलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग हे उठले. पुकारताना छताकडे बघायची जुनी खोड. कुणा बाईंचं पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट, तीनदा घेतलं. कुणी हललं नाही.

"गैरहजर. ठराव मंजूर."

काकू माझ्या शेजारीच बसल्या होत्या. माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "ताई, माझा विषय कधी निघणार हो?"

तेव्हा कुठे मला कळलं, पुकारा काकूंच्याच नावाचा होता. काकूंना कमी ऐकू येतं, अख्खी इमारत जाणते. कुणीही कोपरानं ढोसलं असतं. पण त्यासाठी नाव तर माहीत हवं. इतकी वर्षं माझे ब्लाउज शिवले त्यांनी, आणि मीसुद्धा मख्खासारखी बसून राहिले.

"अहो, ह्या इथेच आहेत," मी उठून म्हणाले.

"पुकारा झालाय," हे म्हणाले. दोघंतिघं हसले. काकूंना सगळं समजायला वेळ लागला. मग ह्यांना नमस्कार करून त्या गेल्या. मला मान वर करवेना.

 दुसऱ्या दिवशी सकाळी हे स्वतःच म्हणाले, "चुकलं माझं. ठराव फिरवतो. आधी त्यांना सांगून येतो." मी मागोमाग गेले.

जिन्याखाली झाडून स्वच्छ केलेलं होतं. मशीन नव्हतं. खिळ्याला टांगलेल्या पिशवीत माझा ब्लाउज तेवढा होता, हुक-काज करून, घडी घालून.

हे तिथेच उभे राहिले. मग अगदी हळू, शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "काकू."