रडणाऱ्या बाटलीचा काडीमोड

बजाजनगरच्या मोकळ्या प्लॉटवर मांडव पडला होता, सनई लागली होती, बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या होत्या आणि बोहल्यावर देशी दारूची एक सीलबंद बाटली उभी होती. तिला हिरव्या खणात गुंडाळलं होतं. गळ्याला मुंडावळ्या होत्या. बुचाखाली कुणीतरी हौसेनं कुंकू लावलं होतं. समोर पाटावर एक मध्यमवयीन गृहस्थ नवरदेवाच्या टोपीत मान खाली घालून बसले होते. पण हे लग्न नव्हतं, काडीमोड होता.

हा विधी लावणाऱ्या काडीमोड महाराजांचं शास्त्र असं, की माणसानं पहिला घोट घेतला की त्याच घटकेला त्याचं दारूशी लग्न लागतं. घरची बायको बिचारी आयुष्यभर सवतीबरोबर नांदते. मग औषधं देऊन काय होणार? लागलेलं लग्न रीतसर मोडलं पाहिजे. पूर्वी खेड्यात नवराबायकोचं तुटलं की पंचांसमोर गवताची काडी मोडत. महाराज तेच करत. काडीचं एक टोक माणसाच्या हातात, दुसरं बाटलीच्या मुंडावळ्यांत. काडी मोडली की महाराज खण बाजूला करत, आणि मंडळी, ती बाटली रडायची.

खोटं कशाला सांगू, मीही पाहिलं. कोरड्या काचेवर आधी धुकट आलं, मग थेंब जमले आणि घळाघळा खाली ओघळले.

"बघा, सवतीच्या डोळ्याला पाणी आलं," महाराज माइकवर म्हणाले. "भरला संसार मोडला. रडंल नाय तर काय करंल?"

बायकांनीही पदर डोळ्याला लावले. पलीकडच्या दारूच्या दुकानाचा मालक बद्रीनाथ फेटा बांधून वधूपित्याच्या जागी उभा होता, त्यानंही नाक पुसलं. काडीमोडासाठी बाटली त्याच्याच दुकानातून घ्यायची असा नियम होता. विधी संपला की घटस्फोटित नवरी माहेरी, म्हणजे बद्रीनाथच्या दुकानात परत जाई आणि दुसऱ्या दिवशी फळीवर पुन्हा अविवाहित उभी राही.

आता मी तिथे काय करत होतो, ते सांगतो. माझं नाव हेमचंद्र. त्या प्लॉटपासून दोन गल्ल्या सोडून आमचा दवाखाना आहे. तिथे मंगळवारी दुपारी व्यसनमुक्तीची ओपीडी असते. डॉक्टर अनसूया तपासतात आणि औषध देतात. मी समुपदेशक, म्हणजे लोकांना वाटतं मी उपदेश करतो, पण माझं बरंचसं काम ऐकण्याचं आहे. आमच्याकडे खाटा नाहीत. माणूस येतो, तपासून घेतो, बोलतो, गोळ्या घेतो आणि घरी जातो. त्यामुळे आमच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

"सुई नाय, सलाईन नाय, भरती नाय," एका पेशंटच्या मेव्हण्यानं मला ऐकवलं होतं. "नुसतं बोलून कुणाची दारू गेली का, सर?" त्याच्या दृष्टीनं बाटलीला खण नेसवणं हा मात्र ठोस उपाय होता.

पुंजाराम आमचाच पेशंट. वाळूजच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर कामाला. सकाळी प्याल्याशिवाय हात थरथरायचे, आणि थरथरता हात एक दिवस मशीनखाली जाईल, या भीतीनं तो आपणहून आला होता. डॉक्टरांनी त्याला आणि त्याच्या बायकोला, भागूबाईंना, समोर बसवून सांगितलं होतं, "रोज इतकी पिणाऱ्यानं एकाएकी बंद करायची नसते. शरीर खवळतं, जिवावर बेततं. या गोळ्यांच्या आधारानं उतरवू. एकही चुकवायची नाही, आणि मंगळवारी मला दिसायचं."

पण मधल्याच आठवड्यात महाराज अवतरले. सासरच्यांनी पुंजारामला पाटावर बसवलं, काडी मोडली, बाटली रडली आणि महाराजांचा हुकूम सुटला, "आजपासून थेंब नाय. त्या गोळ्या फेका. गोळ्या म्हंजे सवतीच्या करवल्या. करवल्या घरात असल्यावर नवरी जाईल कशाला?" भागूबाईंनी करवल्या नालीत टाकल्या.

मंगळवारी ओपीडीचे बाक रिकामे. पुंजारामही आला नाही, म्हणून मी फोन लावला. भागूबाईंनी उचलला.

"सर, ह्यांची सुटली," त्या आनंदानं म्हणाल्या. "आधी घाम सुटला, मग कापरं सुटलं. सकाळधरनं तोंड बी सुटलंय, मेलेल्या मामासंगं बोलायलेत. महाराज म्हणले, सगळं सुटलं की दारू बी सुटती. आता मांडवात बसवलंय त्यांना, लोकांना दाखवायला."

मी फोन ठेवून हे जसंच्या तसं डॉक्टरांना सांगितलं. त्या उभ्याच राहिल्या. "हेमचंद्र, दारू एकदम तोडल्यावर मेंदू असा बिथरतो. आज मोठ्या दवाखान्यात नेलं नाही तर हा माणूस मरेल. चला."

म्हणून आम्ही त्या मांडवात होतो.

पुंजाराम बोहल्याशेजारी खुर्चीत बसला होता. गळ्यात हार, हारावर पाटी: 'सुटलेला'. अंगातला सदरा घामानं चिंब. हात लटलटत होते, आणि त्या हातांनी तो मांडीवरून नसलेल्या मुंग्या वेचत होता.

"मामा, सरका की," तो रिकाम्या जागेकडे बघून म्हणाला. "मुंग्या चढायल्या तुमच्यावर."

"दर्शन चालू हाय," महाराजांनी खुलासा केला. टाळ्या पडल्या.

डॉक्टर सरळ बोहल्यावर चढल्या आणि त्यांनी पुंजारामची नाडी धरली. पण भागूबाई मध्ये आल्या.

"हात लावू नका, म्याडम. औषध लागलं की ती परत शिरती म्हणले महाराज."

"भागूबाई, याला घाटीत, सरकारी दवाखान्यात न्यायचंय, आत्ता. हे दर्शन नाही, आजार आहे."

"मी माझ्या डोळ्यानं तिला रडताना बघितलंय, म्याडम. तुमच्या गोळ्यांनी कधी रडली का ती?"

ती बाई अडाणी नव्हती. तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि आम्ही तिला नुसतं ऐकवत होतो. मला महाराजांचा असा संताप आला, की त्यांच्या तोंडासमोरून माइक ओढून घ्यावासा वाटला. डॉक्टर मात्र इकडे तिकडे बघत होत्या. त्यांची नजर पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर थांबली.

तिथे प्रमुख पाहुणे आप्पासाहेब बसले होते. शेती, प्लॉटिंग आणि कुठल्याही कार्यक्रमात अध्यक्षपद, असा त्यांचा तिहेरी व्यवसाय. श्रावणातली दमट दुपार, मांडवात माणसाला माणूस चिकटलेलं. कुणीतरी त्यांच्यासाठी लिंबूसोड्याची गार बाटली आणून समोरच्या टेबलावर ठेवली होती. काडीमोडाच्या नादात आप्पासाहेब ती प्यायचं विसरले होते.

"आप्पासाहेब, तुमची बाटली जरा देता?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांनी ती उचलली, स्वतःच्या ओढणीनं कोरडी पुसली आणि नवरीच्या शेजारी ठेवली.

लोक बघत राहिले. काचेवर धुकट आलं. मग थेंब. मग ओघळ.

"अरे, ये भी रोरी," मागून कुणीतरी म्हणालं.

"आप्पासाहेब," डॉक्टर म्हणाल्या, "या लिंबूसोड्याशी तुमचं लग्न कधी लागलं होतं?"

आप्पासाहेब घाईनं म्हणाले, "माझा काय संबंध नाय हिच्याशी. आत्ताच आणून ठेवली कुणीतरी."

मांडव हसला. महाराज डगमगले नाहीत. "ही नवरीची धाकटी बहीण," ते म्हणाले. "थोरलीचं दुःख बघवंना तिला."

भागूबाई हसल्या नव्हत्या. त्या पुढे झाल्या, त्यांनी आधी सोड्याच्या बाटलीला हात लावला, मग नवरीला. "दोन्ही गार हायत," त्या हळूच म्हणाल्या. "फ्रिजातलं दुधाचं पातेलं वट्यावर ठिवलं की असंच पाणी सुटतंय." मग त्या बद्रीनाथकडे वळल्या. "दादा, फळीवरची बाटली आणा. गार नको, हाय तशी. काडी मी मोडते. ती रडली तर मी ह्यांना कुठंच नेऊ देणार नाय. नाय रडली तर म्याडमचं ऐकणार."

वधूपित्याला दुसरी मुलगी आणावीच लागली. खण नेसवला, मुंडावळ्या बांधल्या, काडी मोडली. महाराजांनी मंत्र म्हटले, पुन्हा म्हटले, अंगारा फुंकला, बाटलीला तिच्या उद्ध्वस्त संसाराची आठवण करून दिली. बाटली कोरडी ठणठणीत.

"ही जरा निर्लज्ज हाय," महाराज म्हणाले.

एवढ्यात डॉक्टरांनी बोहल्यामागे ठेवलेली डोली उघडली, जिच्यातून महाराज नवरीला बोहल्यावर आणत. जरीच्या कापडाखाली थर्माकोलचा डबा होता आणि डब्यात बर्फ. त्यांनी माइक घेतला. "हवेत पाण्याची वाफ असते. पावसाळ्यात जास्तच. गार काचेला लागली की तिचं पाणी होतं. खण होता तोवर हवा लागत नव्हती, खण काढला की थेंब. बाटली रडत नाही, गार असते."

भागूबाईंनी नवऱ्याच्या गळ्यातला हार काढला आणि पाटी जमिनीवर टाकली. "आप्पासाहेब, तुमची गाडी पाहिजे," त्या म्हणाल्या. ती विनंती नव्हती. आप्पासाहेबांनी ड्रायव्हरला हाक मारली.

नगर नाका जवळ आला तेव्हा गाडीत पुंजारामला झटका आला. डोळे फिरले, दातखीळ बसली, अंग ताठ झालं. डॉक्टरांनी त्याला कुशीवर वळवून मान धरून ठेवली. भागूबाई त्याचे पाय छातीशी धरून बसल्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "सर, हे मांडवात झालं असतं तर मी बी टाळ्या वाजवल्या असत्या." मला तेव्हा रडू आलं.

घाटीत वेळेवर उपचार मिळाले. पुंजाराम वाचला.

महाराज त्या गोंधळात डोलीसकट पसार झाले. आम्ही पोलिसांत तक्रार दिली तेव्हा कळलं, की त्यांचं नाव बन्सी आणि पूर्वी ते सोयगावच्या बाजारात कुल्फी विकत. बर्फाचा व्यासंग तिथलाच.

पुंजाराम आता मंगळवारी येतो. पोळ्याला एकदा प्यायला, आणि ते सांगायलाही आपणहून आला. डॉक्टर रागावल्या नाहीत, गोळ्या बदलून दिल्या. "सुटली का?" असं कुणी विचारलं की तो म्हणतो, "आपसूक सुटत नसती. सोडायलोय." भागूबाईही येतात. मी त्यांना एकदा सवतीबद्दल छेडलं, तर म्हणाल्या, "सवत असती तर झिंज्या उपटल्या असत्या, सर. आजाराच्या कुठून उपटू? गोळ्या देते टायमावर."

वाचकहो, दारूचं व्यसन हा आजार आहे. त्याला लाज नको आणि मांडवही नको. पिणाऱ्याला कोंडून त्याची दारू एकाएकी बंद करू नका, थरथरणाऱ्या माणसाला देव दिसतो म्हणून हात जोडू नका, त्याला डॉक्टरकडे न्या. आणि कुणी चमत्कार दाखवला तर भागूबाईंसारखा आधी हात लावून बघा.

परवाच्या मंगळवारी एक म्हातारी मुलाला घेऊन ओपीडीत आली. टेबलावर फ्रिजमधली पाण्याची बाटली होती, तिच्यावरून थेंब ओघळत होते. म्हातारीनं लगबगीनं हात जोडले. शेजारी बसलेल्या भागूबाईंनी पदरानं बाटली पुसली.

"मावशी, ती गार हाय," त्या म्हणाल्या. "बसा. घोटभर पाणी प्या. म्याडम येतीलच."